साखर शून्य

कसबा बावड्यात आमच्या घराच्या कोपऱ्यावर एक किराणा दुकान आहे. मी आत शिरलो की त्याच्या मालकाचा चेहरा पडतो, आणि त्यात त्याची काही चूक नाही. मी एखादं पाकीट उचलतो, उलटं करतो, खिशातून भिंग काढतो आणि वाचत उभा राहतो. मागे गिऱ्हाइकं खोळंबतात. एकदा त्यानं न राहवून विचारलंच, "सर, घ्यायचं हाय का नुस्तं वाचायचं हाय? वाचायचं आसंल तर पेपर हाय की हितं."

भिंग शाळेचं. हायस्कुलात तीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालो तेव्हा सहकाऱ्यांनी शाल आणि नारळ दिला. भिंग माझं मी आणलं. प्रयोगशाळेच्या यादीत ते 'तडकलेले, निरुपयोगी' म्हणून लावलेलं होतं, त्यामुळे त्याला चोरी म्हणता येणार नाही. बायको म्हणतेच, ते सोडा.

पाकिटांच्या पाठी वाचायचा नाद मला निवृत्तीनंतर लागला. वर्ग गेला, पण चुका काढायची खोड गेली नाही. पुढून गव्हाच्या लोंब्यांचं चित्र असलेलं बिस्कीट मागून बघावं तर यादीत पहिला मैदा. आणि यादीत जे जास्त घातलेलं असतं ते आधी लिहायचं असतं, हे मी शेजारपाजारच्या किमान वीस जणांना बळंच शिकवलं. कुठे शंभर ग्रॅमचा हिशेब, कुठे एका 'सर्व्हिंग'चा, आणि सर्व्हिंग म्हणजे अडीच बिस्किटं. अडीच बिस्किटं खाऊन थांबणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा मी शेजारच्याला हे ऐकवायचो. "कंपन्या लबाड असतात," असं म्हणून मी जिलबीवर हात मारायचो.

या माझ्या कीर्तीमुळेच गडमुडशिंगी गावाहून आक्काचा फोन आला.

आक्का माझी थोरली बहीण. चौथी शिकलेली. मला तिनं कडेवर वाढवलं आणि माझ्या पहिल्या पगाराची बातमी तिनं गावभर सांगितली. तिच्या हाताला नाचणीचे लाडू असे काही होतात की आमच्या पाहुण्यारावळ्यांत कुणी बाळंतीण झाली की आधी आक्काला निरोप जातो. तिची सून शहरात एका कॉलेजच्या ऑफिसात कामाला आहे. तिनं चार लाडू डब्यातून नेले, तिथल्या बायकांनी चाळीस मागितले, आणि बघता बघता सासू-सुनांनी लाडवांचं काम सुरू केलं. परवाना काढला, दुकानांत ठेवायचं ठरलं, आणि मग पाकिटाची गोष्ट निघाली.

"आरं, सुनंनं पाकिटं छापायला टाकल्यात," आक्का फोनवर ओरडली. तिला अजून वाटतं की गडमुडशिंगीहून बावड्यापर्यंत आवाज तिनंच पोचवायचा आहे. "पाठीमागं लिवायचं असतंय म्हणं, कशात किती काय हाय ते. तुजा त्यो नाद हाय न्हवं? ये की उद्या."

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच गेलो. कॉलर ताठ करून गेलो म्हटलं तरी चालेल.

स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात पाट टाकून मी वही घेऊन बसलो. आक्का चुलीशी गूळ वितळवत होती. सून ऑफिसला गेली होती. माझ्याजवळ अन्नघटकांचं एक जुनं कोष्टक होतं. नाचणीत काय, शेंगदाण्यात काय, खारकेत काय, तुपात काय, शंभर ग्रॅमला किती, असं सगळं त्यात. मी आक्काला म्हटलं, प्रत्येक जिन्नस किती घालतेस ते सांग.

"अंदाजानं की."

"अंदाज छापता येत नाही, आक्का."

"मग तू छाप काय छापायचं ते. माझ्या हाताला कळतंय."

शेवटी मी तिला तराजूवर एकेक जिन्नस ठेवायला लावला. ती पुटपुटत होती की लाडू हाय का सोनं हाय. नाचणी झाली, गूळ झाला, शेंगदाणे झाले. मध नाही असंही लिही म्हणाली, आपल्या जैन माणसांना बरं पडतं. मी गुणाकार-भागाकार करत गेलो. प्रथिनांपर्यंत मी अगदी चोख होतो. स्निग्धापाशी, म्हणजे तेला-तुपाच्या ओळीपाशी, आल्यावर मला कंटाळा आला. जेवायची वेळ झाली होती, वांग्याच्या भाजीचा वास सुटला होता. सुनेनं नमुन्याला म्हणून एका कंपनीच्या लाडवांचं पाकीट आणून ठेवलं होतं. मी त्यातला आकडा बघितला, थोडा इकडेतिकडे केला आणि लिहून टाकला. त्याच कंपनीला मी पंगतीत लबाड म्हणायचो.

कर्बोदकांची ओळ झाली. तिच्या खाली नमुन्याच्या पाकिटावर 'शुगर्स' अशी ओळ होती. शाळेच्या पुस्तकात याला शर्करा म्हणतात. मी वहीत आधी 'शर्करा' लिहिलं. मग म्हटलं, गडमुडशिंगीच्या लाडवावर शर्करा कशाला? आपल्या माणसांना कळेल असं लिहावं. शर्करा खोडली आणि 'साखर' लिहिलं. आणि मान वर करून विचारलं,

"आक्का, साखर किती घालतीस?"

तिनं उलथनं थांबवलं. "साखर? आपल्यात लाडवाला साखर कवा बगितलीस रं? आईनं घातली न्हाय, मी घालत न्हाय. गुळाचं हायत. चिमूट साखर सापडली तर माझा कान धर."

मी लिहिलं: साखर ०.

आता यावर कोण विश्वास ठेवेल, मला माहीत नाही. दरवर्षी नववीच्या पोरांना मी विचारायचो, गुळात कोणती शर्करा असते? आणि जो 'सुक्रोज' म्हणणार नाही त्याला बाकावर उभा करायचो. पण ते शाळेत. घरी साखर म्हणजे कारखान्याची, पांढरी, पोत्यातली. गूळ म्हणजे गुऱ्हाळाचा. ऊस एकच, पण आमच्याकडं कुणी गुळाला साखर म्हणत नाही. म्हटलं तर गुऱ्हाळवाला भांडायला उठेल. आजारी माणसाला भेटायला जाताना आम्ही गूळ नेतो, दारी आलेल्या पाहुण्याला गूळ-पाणी देतो, आणि साखरेनं हाडं ठिसूळ होतात असं म्हणून चहात गुळाचा खडा टाकतो. शर्करा खोडून साखर लिहिली त्या क्षणी मास्तर वहीतून उठून गेला आणि आक्काचा धाकटा भाऊ तिथं बसला. त्या भावानं शून्य लिहिलं. घटकांच्या यादीत मात्र गूळ नाचणीच्या खालोखाल, दुसऱ्या नंबरावर होता. तोही मीच लिहिला होता, आणि अगदी बरोबर लिहिला होता.

मग आम्ही वांग्याची भाजी खाल्ली.

पाकिटं छापून आली तेव्हा आक्कानं मला मुद्दाम बोलावून घेतलं. पुढे नाचणीच्या कणसांचं चित्र, मागे माझं कोष्टक. तिनं चष्मा लावला, बोट ठेवलं आणि एकेक अक्षर लावत सगळं वाचलं. प्रथिनं म्हणताना अडखळली, 'साखर शून्य' एका दमात म्हणाली. आपल्या हातचं काही छापलेलं तिनं आयुष्यात पहिल्यांदा बघितलं होतं. एक रिकामं पाकीट तिनं भांड्यांच्या कपाटाच्या काचेला आतून चिकटवलं. मला खूप बरं वाटलं. तिनं मला वाढवलं त्याची थोडी परतफेड झाली, असंसुद्धा मनात आलं, कशाला खोटं बोलू.

आता दाजींबद्दल सांगायला हवं. दाजी म्हणजे आक्काचे यजमान. कमी बोलणारा, उंच, हसताना डोळे मिटून हसणारा माणूस. बारा वर्षांपासून त्यांना मधुमेह. त्याआधी पंगतीत श्रीखंडाची पैज लावून जिंकणारे दाजी प्रसिद्ध होते. डॉक्टरांनी गोड बंद सांगितल्या दिवसापासून आक्का त्यांच्यावर पहारा देत आली. साखरच नव्हे, गूळसुद्धा तिनं कुलपात ठेवला. सणाला सगळ्यांना पोळी वाढताना त्यांच्या ताटाकडे ती बघायची नाही. घरात लाडवांचा घमघमाट सुटायचा तेव्हा दाजी उठून गोठ्यात जाऊन बसायचे. ती गावाला खाऊ घालायची आणि स्वतःच्या माणसापुढून ताट ओढायची, याचं तिला काय वाटत असेल हे मी कधी विचारलं नाही.

पाकिटं आली त्या वर्षीच्या संक्रांतीला मी तिळगूळ द्यायला गेलो तर दाजी पुढच्या सोप्यात बसून लाडू खात होते. समोर आक्का, हातात चहाची कपबशी, आणि दोघं कसल्याशा गोष्टीवर हसत होती. मी बघितलं. मनात म्हटलं, सणाचा एखादा दिला असेल. विचारलं नाही. खरं म्हणजे इतक्या वर्षांनी त्या दोघांना असं बसलेलं बघून मी जरा वेळ दारातच थांबलो होतो.

एखादा नव्हता. सकाळी एक आणि दिवस मावळायच्या आत एक, रोजचे दोन. पाकिटं छापून आली त्या दिवसापासून.

पुढे महिन्याभरात दाजींच्या डाव्या पायाच्या करंगळीला नवी चप्पल चावली. चप्पल कुणाला चावत नाही? तेल लावलं, चार दिवस अनवाणी फिरले. जखम सुकेना. मग काळपट दिसायला लागली, पाय सुजला, ताप आला. सुनेनं गाडीत घालून शहरातल्या दवाखान्यात आणलं आणि मला फोन केला. मी पोचलो तेव्हा रक्ताचा रिपोर्ट आला होता. डॉक्टर एक तरुण बाई होत्या, शांत बोलणाऱ्या. रिपोर्ट जुन्या फायलीशी ताडून त्यांनी कपाळाला आठी घातली.

"आजी, मागच्या वेळी साखर इतकी छान आटोक्यात होती. मध्ये काय झालं? गोड काही खातात का?"

"न्हाय वो डॉक्टर. गोड बंदच हाय. बारा वर्सं म्या सोता बगतो. ह्ये लाडू तेवढं खात्यात, पर त्यात साखर न्हाय." आणि तिनं पिशवीतून घडी घातलेलं पाकीट काढलं. तिनं ते मुद्दाम आणलं होतं, पुरावा म्हणून. "ह्ये बगा, छापलंय. साखर शून्य."

डॉक्टरांनी पाकीट हातात घेतलं. आधी खालची ओळ वाचली, मग वर घटकांच्या यादीकडे गेल्या. त्यांची नजर दुसऱ्या शब्दावर थांबली, ते मला भिंगाशिवाय दिसलं. तोपर्यंत मला खरोखर कळलं नव्हतं. त्यांच्या नजरेबरोबर मी तो शब्द वाचला आणि नववीचा अख्खा वर्ग माझ्याकडे बघतोय असं वाटलं.

"हे कुणी लिहून दिलं?" त्यांनी विचारलं.

"ह्येनं," आक्का म्हणाली, आणि तिनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "माझा भाऊ हाय. हायस्कूलला सायन्सचा मास्तर हुता."

पाठीवरचा तो हात मला आजही जाणवतो. डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. त्यांना कळलं होतं, आणि मला कळलंय हेही त्यांना कळलं होतं. मी तोंड उघडायला हवं होतं. दुकानदारांना, शेजाऱ्यांना, पंगतीतल्या अनोळखी माणसांना सुनावणारा मी, तिथं भिंतीवरचा तक्ता वाचू लागलो. डॉक्टरांनी पाकिटाची घडी घातली आणि आक्काला परत दिली. "लाडू आता बंद करा, आजी," एवढंच म्हणाल्या.

तिसऱ्या दिवशी दाजींची करंगळी काढावी लागली. पाय वाचला. शस्त्रक्रियेच्या खोलीबाहेर आक्का बाकावर ताठ बसली होती, पदर तोंडाशी धरून. मी शेजारी बसलो होतो. तेव्हाही मी बोललो नाही. म्हटलं, आत्ता नको. म्हटलं, आधी खात्री करावी. आपल्याला जे करायचं नसतं त्याच्यासाठी खात्री हा शब्द फार उपयोगी पडतो.

खात्रीसाठी मी लाडू घेऊन एका प्रयोगशाळेत गेलो. तिथं खाण्याचे जिन्नस तपासून देतात. काउंटरवरच्या माणसाला मी एक लाडू दिला. तो म्हणाला, "एकाचं काय सांगू सर? वेगवेगळ्या दिवशी केलेले दहा-बारा आणा. सगळे मिसळून तपासायचे असतात. हाताचा माल आहे, प्रत्येक लाडू वेगळा." मी घरी येऊन तराजूवर लाडू ठेवले. मी छापलं होतं एक लाडू पंचवीस ग्रॅम. सुनेच्या हातचा पंचवीसच भरला. आक्काच्या हातचा चौतीस. तिची मूठ मोठी, आणि मन तिच्या मुठीहून मोठं. दाजींना जे लाडू मिळत होते ते अर्थातच आक्काच्या हातचे.

वेगवेगळ्या दिवसांचे दहा-बारा लाडू घेऊन पुन्हा गेलो तेव्हा त्या माणसाशी बोलताना मला बरंच कळलं. पाकिटावरचा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ, असं मी धरून चाललो होतो. तो असतो सरासरी. पीक वेगळं, हात वेगळा, त्यामुळे थोडं इकडेतिकडे होणारच, आणि तेवढी सूट नियमातही असते. कुणी तपासून लिहितं, कुणी कोष्टकावरून गणित करून लिहितं. दोन्ही चालतं, मनापासून केलं तर. "आकडा दोन-चारनं हलला तर माणूस मरत नाही सर," तो म्हणाला. "पण कुणी शून्य लिहिलं की मी दोनदा बघतो."

आठ दिवसांनी रिपोर्ट मिळाला. प्रथिनं मी लिहिली त्याच्या जवळपास. चोरलेली स्निग्धाची ओळ चांगलीच चुकलेली. आणि साखर, शंभर ग्रॅमला अडतीस. ते आठ दिवस पाकिटं दुकानांत होती. सुनेनं दवाखान्याच्या धावपळीत नवे लाडू केले नव्हते, पण आधीची पाकिटं शेल्फवर होती आणि कुणी ना कुणी ती विकत घेत होतं. डॉक्टरांच्या खोलीत मला कळलं होतं, तरी मी कागदाची वाट बघत बसलो. करंगळीची चूक माझ्या हातून झाली. हे आठ दिवस मात्र मी समजून उमजून घालवले, आणि त्यांची मला जास्त लाज वाटते.

रिपोर्ट घेऊन मी गडमुडशिंगीला गेलो. दाजी आतल्या खोलीत पाय उशीवर ठेवून झोपले होते. आक्का कपाटासमोर भांडी पुसत होती. काचेच्या आत ते पाकीट अजून तसंच.

मी म्हटलं, "आक्का, मी चुकलो. गूळ म्हंजे साखरच. खाल्ल्यावर रक्ताला दोन्ही सारखंच. मला म्हाईत हुतं. तीस वर्षं शिकवत हुतो. तरी मी शून्य लिहिलं."

ती पुसत होती ते पातेलं तिनं खाली ठेवलं. मी वाट बघत होतो की ती ओरडेल. आक्का ओरडली की सगळं सोपं होतं.

ती म्हणाली, "पयल्या दिवशी मला वाटलंतं, तुला फोन करावा. गूळ घातलाय की मी, मूठ मूठ. मग शून्य कसं? म्हटलं, नाचणीत शिजवल्यावर ऱ्हात नसंल. मास्तर हाय त्यो. त्याला काय इचारायचं आपण अडाण्यानं." फडक्याची घडी घालत म्हणाली, "बारा वर्सं त्यांच्या म्होरनं ताट वडत आलो रं मी. तुज्या कागदानं मला सुटी दिली. म्हून इचारलं न्हाय."

मी रडलो. बासष्ट वर्षांचा माणूस, भांड्यांच्या कपाटासमोर उभा राहून. तिनं मला रडू दिलं, मग हातातलं फडकं माझ्याकडे टाकलं.

"पूस तोंड. आनि चल. दुकानातली पाकिटं आणायची हायत. आनि कुणा कुणाच्या घरात ग्येल्यात, ते बी बगायचं."

सुनेच्या स्कूटरवर मागे बसून मी दोन दिवस दुकानं फिरलो. बावड्यातल्या कोपऱ्यावरच्या दुकानात शेवटी गेलो, कारण तिथं जायला सगळ्यात जड जात होतं. मालकानं उरलेली पाकिटं काढून समोर ठेवली, त्यातलं एक उलटं करून वाचलं आणि माझ्या खिशाकडे बघितलं.

"सर, भिंगातनं ह्ये दिसलं न्हाय व्हय?"

"न्हाय दिसलं," मी म्हणालो.

त्यानं अजून काही बोलायचं ठरवलं होतं, पण माझा चेहरा बघून ते गिळलं. पाकिटं कुणी कुणी नेली ते आठवून आठवून त्यानं सांगितलं आणि माझ्यासाठी एक चहा मागवला. मी त्या घरांतून गेलो. दार उघडलं की म्हणायचो, लाडवावर मी चुकीचं छापलंय, साखर शून्य नाही, भरपूर आहे. बहुतेकांना काही फरक पडत नव्हता. एक आजी म्हणाल्या, "शुगर हाय मला, पर आपण गुळाचंच खातो, साखर शिवत न्हाय." मी त्यांच्या अंगणात बसलो आणि अर्धा तास समजावलं. त्यांना पटलं की नाही, माहीत नाही. लाडू मात्र त्यांनी आपल्या सुनेच्या हवाली केले.

नवं पाकीट छापायच्या आधी मी सगळं नव्यानं लिहिलं. या वेळी लाडू वजन करूनच वळायचे ठरले. रिपोर्टमधले आकडे जसेच्या तसे घेतले. साखरेच्या ओळीपाशी आल्यावर मी आक्काला विचारलं, शर्करा लिहू का साखर?

"दोनी नगं," ती म्हणाली. "त्ये नियमाचं काय आसंल त्ये ल्ही. पर पुढच्या बाजूला, मोठ्या अक्षरात ल्ही, ह्यात गूळ हाय आनि गूळ म्हंजे साखरच हाय. शुगर हाय त्यांनी खाऊ नगा."

सून म्हणाली, "आत्या, असं लिहिल्यावर घेईल कोण?"

"घेणारा घील. बाळंतिणी काय सपल्या न्हाईत."

तसंच छापलं. पुढे नाचणीच्या कणसांच्या खाली. कपाटाच्या काचेचं जुनं पाकीट आक्कानं काढलं नाही. नवं त्याच्या शेजारी लावलं. मी एकदा म्हणालो की जुनं काढ आता. म्हणाली, "ऱ्हाऊ दे. तुला बगायला."

दाजी आता काठी घेऊन सोप्यापर्यंत येतात. परवा मी गेलो तर एकटेच बसले होते, पुढ्यात फुटाण्यांची वाटी. आक्का परसात होती. मी त्यांच्यापाशी बसलो. दवाखान्यापासून मी त्यांची माफी मागायला टाळत होतो. शेवटी मागितली.

"माझं बी लेबल बदला मग, पावणं," ते डोळे मिटून हसले. "वजन जरा कमी झालंय. एक करंगळी."

मला हसता येईना. म्हणालो, "दाजी, माझ्या कागदानं तुम्हाला फसवलं."

"कागदानं?" त्यांनी एक फुटाणा तोंडात टाकला, सावकाश चावला. "पावणं, मला बारा वर्सं शुगर हाय, जीब काय ग्येली न्हाय. पयल्या घासालाच कळलं की. हा गूळ हाय, आनि झ्याक हाय. शून्य बिन्य काय न्हाय."

"मग बोलला का नाही?"

ते परसाकडे बघत राहिले. तिथं आक्काच्या बादलीचा आवाज येत होता.

"बारा वर्सांनी तिनं आपल्या हातानं माझ्या हातावर लाडू ठिवला. आनि बसली समोर, माझ्या तोंडाकडं बगत. न्हाय म्हणू व्हय तिला?"

मागच्या दारातून आक्कानं आवाज दिला, "काय चाललंय रं दोघांचं?"

"काय न्हाय," आम्ही दोघं एकदमच म्हणालो. ही गोष्ट मी तिला अजून सांगितलेली नाही. दाजींनी वाटी माझ्याकडे सरकवली आणि आम्ही फुटाणे खात बसलो.